मामांच्या फोनमधली पत्रिका

३ फेब्रुवारी, सोमवार

गेली! लिंक गेली! माझ्या स्वतःच्या लग्नाची वेबसाइट, स्वतःच्या हाताने केलेली, आज संध्याकाळी अख्ख्या गोतावळ्याला एकदम धाडली. लोकांच्या वाइनऱ्या, पॅकहाउस, दातांचे दवाखाने सजवण्यात इतकी वर्षं गेली – आता घरचं कार्य!

पानावर काय ते एकच मोठं चित्र – पत्रिका. वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, मध्ये सोनेरी अक्षरं. चित्र जड आहे, पण मी काय कच्च्या गुरूची चेली नाही! पान उघडता उघडताच फोन ते चित्र आधी मागवून घेतो. त्याला प्रीलोड म्हणतात. पांढरा पडदा बघत बसायला नको. आणि एकदा उतरलं की वर्षभर फोनमध्येच मुक्काम. मळ्यात रेंज नसली तरी पत्रिका झटक्यात समोर. शेखरला दाखवली तर म्हणतो, "एवढ्या पटकन तर मी हो पण म्हटलं नव्हतं." नवरा बरा मिळालाय.

आईने मात्र घाम काढला. नवनाथकाका मोठे, त्यांचं नाव आधी. नको, आत्याच्या यजमानांचं आधी. नको, काकूला वाटेल… नाव उचल, खाली ठेव, परत वर. किलबिलमध्ये कोणाचं तरी बाळ राहिलं, परत सगळं हलव. शेवटी लिंक पाठवली आणि आई चष्मा लावून वाचायला बसली. मग किंकाळी – "हर्षे! कारभारीचं नाव कुठंय?"

कारभारीमामा. आईचा एकुलता एक भाऊ. माझा एकुलता एक मामा! नावं वरखाली करताना मामांची ओळ उचलली आणि परत कुठे ठेवलीच नाही. पण चहाला उकळी येईपर्यंत चित्र दुरुस्त करून, त्याच नावाने परत चढवलंसुद्धा. तेवढ्यात कोणी बघितलं असणार?

४ फेब्रुवारी, मंगळवार

वाहवाच वाहवा! ऑफिसात आरोहीने उघडली. ती माझी सीनियर, तिच्या तोंडून "ठीक आहे" निघालं तरी पेढे वाटावेत. म्हणाली, "बरी उघडते." नवनाथकाकांचा फोन – नाव पहिलं आलंय, त्यामुळे आवाज तुपात घोळलेला. आत्या खूश, काकू खूश.

फक्त मामांचा गुलाब आला नाही. रोज उजाडता उजाडता घरच्या ग्रुपवर एक गुलाब आणि 'शुभ सकाळ' टाकतात. कधी खाडा नाही. झोप लागली असेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

झोप नाही लागली. रुसलेत!

चांगुणामामीचा मनमाडहून फोन. "हर्षाली, तुझे मामा सोमवारपासून माझ्याशी पण धड बोलत नाय. पत्रिकेत त्यांचं नाव नाय म्हणे. दुसऱ्या कोणाचं राह्यलं असतं तर चाललं असतं गं. मामाच राह्यला?"

लगेच मामांना लावला.

"मामा, नाव आहे! आधी चुकून राहिलं होतं, लगेच टाकलं. परत उघडून बघा."

"उघडलं. नाय."

"असं कसं? नीट बघा ना, काकांच्या खाली –"

"हर्षे, रेल्वेच्या वर्कशॉपात उभी हयात गेली माझी. मी काय आंधळा हाय का?"

मग मी जास्तीचं शहाणपण केलं. माझ्या फोनवर पत्रिका जशी दिसते तिचा फोटो काढून पाठवला. हे बघा, तुमचं नाव, ठळक! थोड्या वेळाने त्यांचा आवाजी निरोप आला. "हे तू माझ्यापुरतं बनवलं. जगाला एक पत्रिका आन् मामाला एक. राहू दे."

बसा आता!

६ फेब्रुवारी, गुरुवार

कळलं काय झालं ते. कळल्यावर स्वतःच्याच डोक्यात टपली मारून घेतली.

मामांनी लिंक आल्या आल्या उघडली. त्यांच्या फोनने जुनं चित्र उतरवून घेतलं – बिनमामाचं. आणि त्या फोनला मीच बजावून ठेवलंय – वर्षभर हेच दाखव, मला परत विचारायला येऊ नकोस. फोन आज्ञाधारक. मी इकडे त्याच नावाने नवं चित्र ठेवलं, पण त्याला कळणार कसं? तो विचारतच नाही!

म्हणजे ज्यांनी आळस करून दुसऱ्या दिवशी उघडली, त्यांच्याकडे बरोबर पत्रिका. आणि ज्यांनी हातातलं काम टाकून पहिल्या झटक्यात उघडली, त्यांच्याकडे चुकीची! माझ्यावर खरा जीव कोणाचा हे शोधायचं असेल, तर जुनी पत्रिका कोणाकोणाच्या फोनमध्ये आहे ते बघावं. हे मनात आलं आणि मामांची इतकी आठवण आली की बास.

आईचा फोन तपासला. तिच्याकडेही जुनीच! चला, पेशंट घरातच मिळाला.

शेखर सातपूरला कारखान्यात असतो, त्याला सांगितलं तर तो नुसता हसतोय. "आमच्याकडे नवीन ड्रॉइंग आलं की जुनं मशीनवरून उचलून फाडून टाकतात. नाहीतर जुन्याच मापाचा माल निघत राहतो. तू फाडलं नाहीस." बरं बाबा, नाही फाडलं!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दुरुस्ती. चित्राला नवं नाव दिलं. नवं नाव म्हणजे फोनच्या लेखी नवं चित्र, ते मागवावंच लागणार. आईच्या फोनवर उघडलं – जुनंच! कारण मी नुसतं चित्रच नाही, अख्खं पान वर्षभराच्या मुक्कामाला पाठवलेलं. जुनं पान जुन्याच चित्राचं नाव सांगणार. इतकी हुशारी एका माणसात बरी नव्हे.

मग आईला पान बोटाने खाली ओढायला सांगितलं. तसं ओढलं की फोन झक मारत नवीन मागवतो. तिने ओढलं, आणि काय झालं! आधी जुनी पत्रिका आली, क्षणभर थांबली, मग तिच्यावर नवी.

"अगं बाई! कारभारी नव्हता, आता आला!" आईने परत ओढलं. "गेला!… आला!" परत ओढलं. तिला खेळच मिळाला. पप्पा पिंपळगावच्या पॅकहाउसवरून दमून आलेले. द्राक्षांचा सीझन, घरी फक्त जेवायला आणि झोपायला येतात. त्यांनाही उभं करून दाखवलं. ते म्हणाले, "लग्नात पण हा असाच येऊन-जाऊन करणार का?"

दोष अर्थात माझा. आधीच मागवून ठेवायच्या ओळीत जुन्याच चित्राचं नाव राहिलेलं, आणि तेच चित्र मी मागे पडद्यासारखं लावलेलं, नवं येईपर्यंत स्क्रीन रिकामी दिसू नये म्हणून. दोन्ही उपटून टाकलं. पानालाही ताकीद दिली – आता दर वेळी मला विचारायचं, मगच उघडायचं. झालं! आईच्या फोनवर मामा आले आणि राहिले. मी घरभर नाचले.

८ फेब्रुवारी, शनिवार

वणीच्या गडावर देवीपुढे पहिली पत्रिका ठेवून आलो. छापील. छापील फक्त देवांना आणि व्याह्यांना, बाकी सगळ्यांना लिंक – कागद वाचवा म्हणून मीच घरात भाषण ठोकलं होतं. गडावर वारा असा की पत्रिका उडायला लागली, पप्पांनी तिच्यावर नारळ ठेवला.

देवीला सांगितलं, मामांचं बघ गं.

९ फेब्रुवारी, रविवार

नवस बोलायला हवा होता. नुसतं सांगून भागलं नाही.

मामीने स्पीकरवर टाकला फोन. मी गोड आवाजात – "मामा, एक काम करा. पत्रिका उघडा आणि पान बोटाने खाली ओढा."

"बाकीच्यांना ओढायला लागलं का?"

"…नाही. म्हणजे आईला लागलं."

"आईचं सोड. नवनाथरावांना लागलं का?"

"नाही."

"मंग मी काहून ओढू?"

आता बोला! म्हटलं, बरं, नवीन लिंक पाठवते, तिच्यावर बोट ठेवा फक्त, दुसरं काही नको. तर म्हणे, "नवीन नको. सगळ्यांना जी धाडली तीच उघडीन. तिच्यात नाव असलं तर असलं, नसलं तर नसलं." आणि उठून गेले. पायातल्या चपलांचा आवाजसुद्धा ऐकू आला.

तत्त्वाचा माणूस! मला हसू येत होतं आणि रडूही.

मामी मागे राहिली. तिला म्हटलं, तुमच्या फोनवर तरी उघडून बघा. तिने पहिल्यांदा परवाच उघडली होती – नाव होतं, छान दिसत होतं. "मग दाखवा ना मामांना!" तर म्हणाली, "दाखवायला गेले, तर म्हणतात तुझा फोन तुझ्यापाशी ठेव." बोलता बोलता मामी हसल्यासारखी वाटली. रेंजचा घोळ असेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

आरोहीला शरण गेले. सगळं सांगितलं. लिंक तीच पाहिजे, पान ओढायचं नाही, सेटिंगला हात लावायचा नाही, आणि तरी नवी पत्रिका दिसली पाहिजे. इथून काही करता येईल का?

"नाही."

"काहीच?"

"तू त्यांच्या फोनला सांगितलंस, मला वर्षभर विचारू नको. तो विचारत नाही. मग तू सांगणार कोणाला? दार त्याच्या बाजूने बंद आहे." मग डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे करत म्हणाली, "एक तर मनमाडला जा आणि फोन हातात घे. नाहीतर पुढच्या फेब्रुवारीत लग्न कर."

शेखरला दुसरा पर्याय सांगितला. त्याला आवडला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज घरात पहिल्यांदा रडारड. हॉलवाल्याला जेवणाची किती पानं सांगायची, असं साधं बोलणं चाललं होतं आणि आई एकदम म्हणाली, "कारभारी आलाच नाही, तर अंतरपाटाच्या वेळी हर्षीच्या पाठीशी उभं कोण राहणार?"

पप्पांनी चुलतमामांचं, गोटीराममामांचं नाव काढलं. आई रडता रडता उसळली, "गोटीराम? त्याला उभ्या उभ्या झोप लागते! पडायचा पोरीच्या अंगावर!" सगळे हसलो. पण नंतर मला करमेना.

दर उन्हाळ्यात मनमाड. रेल्वेच्या क्वार्टरसमोरच्या मैदानात मामांनी सायकल शिकवली, मागे सीट धरून पळत. संध्याकाळी स्टेशनवर नेऊन गाडीला इंजिन कसं जोडतात ते दाखवायचे. मी कंप्युटरला प्रवेश घेतला तेव्हा पप्पा काळजीत होते आणि मामा प्लॅटफॉर्मवरच्या चहावाल्यालासुद्धा सांगत सुटलेले, "आमची भाची कंप्युटरमधली!" त्या माणसाचं नाव मी विसरले, आणि कंप्युटरने ते पक्कं करून ठेवलं. मला माझ्या पाठीशी तेच पाहिजेत. दुसरं कोणी नको. अगदी कोणी म्हणजे कोणी नको.

आईला म्हटलं, आपण दोघी जाऊन येऊ या का?

"भावाला कसलं आलंय बोलावणं? घरचाच तो. चुकलं, सुधारलं, अजून काय पाहिजे त्याला? रुसायचं तर रुसू दे!" डोळे पुसत पुसत हे बोलली. एकाच आईची लेकरं!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ठरलं. रविवारी मी एकटी मनमाडला जाणार. मामीला तेवढं कळवलं. फोन हातात घेणार, साफ करणार, सगळ्यांना धाडलेली तीच लिंक त्यांच्यादेखत उघडून दाखवणार. मग बोला म्हणावं!

शेखर व्हॅलेंटाइनचा गुलाब घेऊन आला होता. मी म्हटलं, मला मनमाडचा पाहिजे.

१६ फेब्रुवारी, रविवार

फत्ते!!

सगळं नीट लिहून ठेवते. सकाळी निघताना आईने पिशवी हातात दिली. आत छापील पत्रिका, कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेली, नारळ, मामीला खण. "जातेसच तर रिकाम्या हाताने नको." म्हटलं, दे. माझं खरं सामान वेगळंच – लॅपटॉप, केबल, आणि न जमलं तर विचारायला आरोहीचा नंबर.

मामा दारातच उभे. कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्याला पांढरी टोपी. घरात कधी टोपी घालत नाहीत! मला वाटलं कुठे बाहेर निघालेत. "कुठं नाय, ये," म्हणाले. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास. मामीने पुरणपोळीचा घाट घातलेला.

मी पाणीसुद्धा न पिता म्हटलं, "मामा, फोन द्या." त्यांनी लगेच काढून दिला. एवढा हट्टी माणूस, एका शब्दात! सरळ सेटिंगमध्ये शिरले आणि सगळं साठवलेलं पुसलं. मग ग्रुपवर वर वर जाऊन तीच ३ तारखेची, सगळ्यांना धाडलेली लिंक शोधली आणि फोन त्यांच्या हातात दिला. "आता तुम्हीच उघडा. ओढायचं नाही, काही नाही."

उघडली. गणपती आला, केळीचे खांब आले, सोनेरी अक्षरं आली. श्री. कारभारी… नाव आलं! मामांनी चष्मा वर-खाली करून वाचलं. "हाय की."

"हाय ना!"

"हाय." बास! मी इतके दिवस जीव काढला आणि दोनदा "हाय"! पुसापुशीत त्यांचं पेन्शनच्या साइटचं लॉगिनही गेलं, त्याचंही काही नाही. "गेलं तर गेलं, परत करू." मी कॅशे म्हणजे फोनमधला साठा, प्रीलोड म्हणजे काय, फोन विचारत कसा नव्हता, सगळं समजावून सांगितलं. ते मान डोलवत माझ्या पिशवीकडे बघत होते.

मग आठवलं, आईची पत्रिका. काढून दिली. तेव्हा मात्र मामा उभे राहिले. टोपी नीट केली, दोन्ही हातांनी पत्रिका आणि नारळ घेतला, देवापुढे ठेवला. मामीला मला कुंकू लावायला सांगितलं. आणि लगेच गॅलरीत जाऊन समोरच्या बिऱ्हाडाला हाक – "ओ, भाची आलीये आमची! नाशकाहून! आमंत्रण घेऊन!" शेजारीपाजारी जमले, त्यांना नारळ दाखवला, पत्रिका दाखवली. फोन तिकडे खाटेवर पडलेला. माझ्या दुरुस्तीचं काडीचं कौतुक नाही त्या माणसाला!

चार पोळ्या खाल्ल्या. तूप मोजलं नाही. निघताना मामा स्टेशनवर सोडायला आले, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे. "साडी कोणत्या रंगाची घेतली?" विचारलं. हिरवी म्हटलं. "मंग मी फेटा गुलाबी बांधतो."

गाडीत बसून आरोहीला मेसेज केला – सुटलं! तिचं उत्तर – "ठीक आहे." पेढे वाटते उद्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गुलाब आला! आज दोन!

आईने ते बघितले आणि फोन पदराने पुसला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हळद. कोपरापर्यंत पिवळी आहे, पेन धरवत नाही. मामा-मामी सकाळीच आले, हिरवा चुडा मामांनी भरला. आई आणि मामा दुपारी तासभर भांडत होते, कशावरून ते दोघांनाही आठवत नाही. सगळं छान आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शेखरच्या घरून लिहितेय.

काल अंतरपाट धरलेला, मामा माझ्या पाठीशी, गुलाबी फेट्यात. शेवटची मंगलाष्टका चालू. आणि मामा कानाशी वाकून म्हणाले, "हर्षे, आता सांगतो. नाव मला केव्हाच दिसलं व्हतं. तू त्या रविवारी स्पीकरवर फोन केला ना, त्याच दिवशी, मामीच्या फोनवर. आन् मंग माझ्या पण पानाला ओढून बघितलं. व्हतं की!"

मी मान न वळवता, ओठ न हलवता – "मग?"

"मंग काय. लिंक तर तू दूधवाल्याला पण धाडली आसशील. मामाला आवतण द्यायला कोणी घरी आलंच नव्हतं."

आणि मी वेडी! पुसण्याआधी ते पान एकदा उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं! सावधान झालं, अक्षता पडल्या, आणि मी हिरव्या शालूत खो खो हसतेय. पलीकडून शेखर घाबरून विचारतोय, काय झालं, काय झालं.

दूधवाल्याला खरंच धाडली होती.